कापायच्या आधी एकदा वर तर बघा!

मे महिना आला की आमच्या गल्लीत करवतीची घरघर सुरू. पावसाआधी फांद्या छाटायच्या म्हणे, अरे छाटा ना, वादळात गुलमोहर गाडीवर आडवा झालेला कोणाला हवाय, पण मुहूर्त नेमका हाच? कावळ्यांची घरटी याच दिवसांत, त्यातच कोकिळेची पण अंडी, आणि तिकडे पर्जन्यवृक्षावर बगळे, रातबगळे पावसाच्या तोंडावर काड्या जमवायला लागलेले. डिसेंबर-जानेवारीत काय झोपा काढत होतात? (घारी तेव्हा घरटी करतात, मान्य, पण त्यांचा तो काड्यांचा पसारा खालून दिसतो तरी.) सोसायटीतले काका तर खूशच, त्यांच्या गाडीवर शीट पडते ना! वाळकी, लटकलेली फांदी काढायची सोडून अख्खं झाड बोडकं करतात आणि परमिशन दाखवा म्हटलं की कागद साहेबांकडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी, घरटी हलवणं शिकारीतच मोजतात हे सांगितलं तर माझ्याकडेच असे बघतात की मीच शिटलेय गाडीवर. पिल्लं उडेपर्यंत घरट्याची तेवढी फांदी सोडा म्हणतेय, झाड नाही मागत तुमचं!