कुत्रा कुत्राच राहिला, बरं मग?

‘हजारो वर्षं माणसाने कुत्र्यांची पैदास केली, तरी कुत्रा कुत्राच राहिला. निवडीने आहेत तेच गुण वर-खाली होतात, नवीन काही येत नाही. शिवाय पैदास करणारा माणूस डोळस असतो. निसर्गात सगळा योगायोग. आणि उत्क्रांती होताना पाहिलीय कोणी?’ अशा आशयाचा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. विधानं चार. त्यातलं एक अर्धं खरं आहे, म्हणून तर बाकीची खपतात.

‘कुत्राच राहिला’ हे नावाबद्दल झालं, बदलाबद्दल नव्हे. सुरुवात लांडग्यापासून झाली होती, हे मजकूर लिहिणारा सोयीने विसरतो. पण मला इथे कुत्र्यापेक्षा मका जवळचा वाटतो. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, मेक्सिकोतलं एक गवत. त्याचं कणीस बोटाएवढं, त्यात पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा टणक कवचात बंद. पिकले की दाणे सुटे होऊन गळतात. आता मक्याचं कणीस सोलून बघा. शेकडो उघडे दाणे, मधल्या दांड्याला घट्ट धरलेले. हे कणीस अख्खं मातीत पडलं तर एकाच जागी रोपांची झुंबड उडते आणि त्या दाटीत बहुतेक मरतात. माणसाने दाणे सुटे करून पेरले नाहीत तर मक्याचा वंश टिकणं अवघड. हे सगळं सुमारे ९,००० वर्षांत झालं. दोघांत इतकं अंतर, की टिओसिंटेचं शास्त्रीय नाव एके काळी मक्याहून पूर्ण वेगळं होतं. आज दोघांना एकाच जातीत धरतात. म्हणजे ‘मका मकाच राहिला’ असंही कुणी म्हणू शकेल!

‘नवीन काही येत नाही’ हे ते अर्धं खरं. निवड स्वतः काही घडवत नाही, ती आलेल्यातून राखते. नवा माल येतो उत्परिवर्तनांतून, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांतून. डॅशहुंड जातीच्या कुत्र्याचे आखूड पाय घ्या: वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत गुणसूत्रात भलत्याच जागी येऊन बसली, त्याचा हा परिणाम. माणसाला ते पाय उपयोगी वाटले, त्याने तो वंश राखला. आणि जुनेच गुण साठवत गेलं तरी ‘वर-खाली’ फार लांब जातं. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १८९६ पासून जास्त तेलाच्या मक्याचीच बी पुढे पेरत गेले. सुरुवातीला तेल ५ टक्क्यांच्या आत होतं, शंभर पिढ्यांनी २० टक्क्यांच्या आसपास. पहिल्या वर्षीच्या एकाही कणसात इतकं तेल नव्हतं.

योगायोगाचं म्हणाल तर उत्परिवर्तन कुठे होईल हा योगायोग. कोण जगेल, हा बहुतेक वेळा नाही. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजरवर १९७७ मध्ये दुष्काळ पडला. बारीक बिया फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांनी संपवल्या. उरली गोखरूच्या जातकुळीतली काटेरी, कठीण फळं. ती फोडायला जाड चोच हवी. बहुतेक पक्षी मेले, वाचलेल्यांत जाड चोचींचे जास्त, आणि त्यांची पिल्लंही तशीच निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने पक्षी धरून चोची मोजल्या होत्या, अंदाजाने लिहिलेलं नाही. पुढे १९८३ च्या धुवाधार पावसानंतर बारीक बियांचं रान माजलं आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. निवडणारा कुणी नव्हता, तरी निवड झाली. उलट डोळस म्हणवणाऱ्या माणसाने बुलडॉगचं डोकं इतकं मोठं केलं की त्यांची पिल्लं बहुधा सिझेरियननेच जन्मतात. निसर्गात हा वंश टिकला नसता.

‘पाहिलीय कोणी’ याचं एक उत्तर वर आलंच. दुसरं अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगशाळेतलं. १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणू बारा फ्लास्कांत वाढवायला घेतले. ऑक्सिजन असताना हा जिवाणू सायट्रेट (लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा क्षार) खाऊ शकत नाही. ओळखण्याची ती एक खूणच. सुमारे ३१,५०० पिढ्यांनी एका फ्लास्कमधले जिवाणू सायट्रेट खाऊ लागले. कारण पुन्हा तेच: एका जनुकाची प्रत नव्या जागी बसली आणि तिथे ऑक्सिजनमध्येही चालू राहिली. उरलेल्या अकरा फ्लास्कांत तेव्हा हे झालं नव्हतं. दर ५०० पिढ्यांचे नमुने गोठवून ठेवलेले आहेत. पूर्वज वितळवून वंशजाशेजारी वाढवायचा आणि दोघांत कोण भारी ठरतो ते मोजायचं, हे या प्रयोगातलं नेहमीचं काम आहे.