कोपरखळी

माणसाला उपदेश केला की तो ऐकत नाही, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. साधारण याच मुद्द्याभोवती काम करणाऱ्या रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला नाही मिळालं. असो.

त्यांचं म्हणणं असं, की सक्ती नको, भाषण नको; माणसाला योग्य दिशेला वळेल इतपत हळूच ढोसावं. इंग्रजीत याला ‘नज’ म्हणतात, आपण कोपरखळी म्हणू. तेव्हा पृथ्वी वाचवण्यासाठी बायको, मुलगी आणि आई यांना कोपरखळ्या मारायचं मी ठरवलं. घरात चौथाही एक इसम राहतो, पण तो शास्त्रज्ञ असल्यानं प्रयोगातून वगळला.

सुरुवात बाथरूमपासून. हॉटेलातल्या टॉवेलांवरचा एक अमेरिकी प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी विनंती केली तेव्हा साधारण 35 टक्के पाहुण्यांनी ऐकलं. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर 44 टक्क्यांनी. म्हणजे माणूस पृथ्वीला भीक घालत नाही, पण कोण कुठल्या पाहुण्याच्या ओल्या टॉवेलला मान देतो. मी सुवाच्य अक्षरात पाटी लावली : ‘या घरातील बहुसंख्य सदस्य पाच मिनिटांत अंघोळ उरकतात.’

संध्याकाळी तिच्याखाली बायकोच्या अक्षरात ओळ होती : ‘खरं आहे. उरलेल्या एकाचं काय करायचं?’ शेजारी मुलीनं शॉवरखाली गाणारा माणूस काढला होता. पोटासकट.

मी खचलो नाही. उलट आठवड्याभरात माझीच अंघोळ आखडली, दुसऱ्या कडव्यालाच मी नळ बंद करू लागलो. पाटीचा परिणाम! शास्त्र लिहिणाऱ्यालाही सोडत नाही, याचं मला भरून आलं.

मग फ्रिजवर तक्ता आला. दिवा-पंखा चालू ठेवून खोलीबाहेर पडलं की नावापुढे एक रेघ. शेवटी सरासरी. पहिल्या दिवशी सरासरी चार निघाली, मुलीच्या रेघा दोन. मी तिचं कौतुक करायला गेलो, तर ती दिवा, पंखा आणि टेबललॅम्प असे तिन्ही चालू ठेवून बाहेर येत होती.

“बाबा, माझे अजून दोन शिल्लक होते ना!”

“मग हे तीन कसे?”

“एक उद्याचा.”

वास्तविक हे मला माहीत असायला हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे 290 घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला, तर जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि कमी वापरणाऱ्यांनी सैल सोडला. 2007 चा हा अभ्यास. त्यावर संशोधकांचा उपाय साधा होता, काटकसर करणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा. तेवढ्यानं ती मंडळी ताळ्यावर राहिली. मीही हसरे चेहरे काढले. आईच्या नावापुढे रोज एक. तिची एकही रेघ नव्हती.

“हे काय रे माझ्या नावापुढे?”

“शाबासकी आहे, आई.”

“दिवा बंद करायची? लहानपणी धपाटे घालून तुला हेच शिकवत होते, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं शास्त्र?”

माझ्या नावापुढे मुलीनं स्वतःहून एक रडका चेहरा काढला. मिशीवाला.

शेवटचं शस्त्र दंडाचा डबा. एका रेघेला एक नाणं. डबा पंधरवड्यात भरला आणि सगळी नाणी माझी होती. त्याहून वाईट म्हणजे मला त्यात मजा वाटू लागली. नाणं टाकलं की दिवा चालू ठेवायचा परवाना मिळाल्यासारखं वाटे. इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत नेमकं हेच झालं होतं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, कारण दंडाची फी झाली. आणि एकदा शरम गेली ती गेलीच. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी होईना. माझी शरम किती नाण्यांत गेली ते मी मोजलेलं नाही.

तरीही दोन महिन्यांनी विजेचं बिल चांगलंच उतरलं. जेवताना मी उभा राहून आलेख दाखवला. पाटी, तक्ता, डबा, सगळ्यांचा यथोचित गौरव केला.

“गिझरचं तापमान उतरवलंय मी,” बायको ताट पुढे ओढत म्हणाली. “आणि टायमर लावलाय. दोन महिने झाले.”

“मला बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तू त्यावर वाचायला घेतलं असतंस.”

तर दुसऱ्या कडव्याला पाणी गार होत होतं म्हणायचं. न विचारता आधीच ठरवून ठेवलेली सोय बदलायला माणूस सहसा उठत नाही, हा या शास्त्रातला सगळ्यात भरवशाचा नियम. मी तो दोनदा अधोरेखित केलेला होता. शिवाय पाणी तापवायला जी वीज लागते तिच्यापुढे माझ्या तक्त्यातले दिवे म्हणजे चिल्लर. सॅन मार्कोसच्याच आणखी एका अभ्यासात लोकांनी छातीठोक सांगितलं होतं, की शेजाऱ्यांचा आपल्यावर फारसा परिणाम होत नाही. झाला होता सगळ्यात जास्त तोच. ते वाचताना मी त्या लोकांना खूप हसलो होतो.

जेवण झाल्यावर मी गुपचूप बाथरूममध्ये गेलो. टायमरच्या खाली पेन्सिलीनं एक छोटासा हसरा चेहरा काढलेला होता. त्याला मिशी होती.