चर्चच्या हॉलमधला गणपती आणि २५ डिसेंबर

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. एक जण तुळशीपूजनाचा फॉरवर्ड टाकतो, दुसरा लेकीचा सांताच्या टोपीतला फोटो टाकतो, तिसरा विचारतो शाळांमध्ये हे नाताळाचं फॅड कशाला, आणि दोन दिवसांत गाडी हमखास धर्मांतरावर येते. चर्चवाले फुकट काही देत नाहीत, तांदळाच्या पोत्यामागे बायबल असतंच वगैरे. मग कुणीतरी मला टॅग करतं, "तू सांग रे, तू तर त्यांच्यातच राहतोस."

मी राहतो नेदरलँड्समध्ये, द हेगला. आणि "त्यांच्यात" म्हणाल तर इथल्या निम्म्याहून जास्त लोक सरळ सांगतात की आम्हाला धर्मच नाही. चर्चेस रिकामी पडलीत, मास्ट्रिख्टला तर एका जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, मस्त आहे, गेलात तर बघाच. म्हणजे चर्चमध्ये जे उरलेत ते बहुतेक पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा आणि बाहेरून आलेले आमच्यासारखे स्थलांतरित. यांनी कुणाला बाटवायचं म्हटलं तर आधी स्वतःच्या नातवंडांपासून सुरुवात करावी लागेल.

पण याच उरलेल्या लोकांनी २०१८ साली जे केलं ते मी ग्रुपवर दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्यावर एक अंगठा येतो. द हेगमध्ये बेथेल नावाचं एक प्रोटेस्टंट चर्च आहे. तमराझ्यान नावाचं आर्मेनियन कुटुंब, आईवडील आणि तीन मुलं, नऊएक वर्षं या देशात राहिलेलं, मुलं इथल्या शाळा-कॉलेजात, आणि आश्रयाचा अर्ज शेवटी फेटाळला, म्हणजे आता पोलीस येणार आणि विमानात बसवणार. इथला कायदा असा की प्रार्थना चालू असताना पोलिसांना प्रार्थनास्थळात शिरता येत नाही. तर चर्चने काय केलं, २६ ऑक्टोबरला प्रार्थना सुरू केली आणि थांबवलीच नाही. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तस्सं. फक्त सप्ताह सात दिवसांचा, हे ९६ दिवस चाललं, रात्रंदिवस, नाताळही त्यातच गेला. देशभरातून, काही तर देशाबाहेरून, साडेसहाशेच्या वर पाद्री पाळी लावून आले. पंथ वेगवेगळे, एरवी एकमेकांशी न पटणारे, पण यादीत नाव लिहिलं की पहाटे तीनची का असेना, पाळी घेतली. ३० जानेवारी २०१९ ला प्रार्थना संपली, कारण सत्ताधारी पक्षांनी अशा शेकडो मुलांच्या फायली पुन्हा तपासायचं कबूल केलं. कुटुंब राहिलं. त्याच समझोत्यात इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या मुलांना राहू देणारी सवलत पुढच्यांना बंद झाली हेही सांगितलं पाहिजे, म्हणजे अर्धा विजयच.

आणि हा देश काही संतांचा नाही हो. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच लोकांनी खेर्ट विल्डर्सच्या स्थलांतरविरोधी पक्षाला सगळ्यात जास्त म्हणजे ३७ जागा दिल्या, त्याचं स्थलांतरितांबद्दल काय म्हणणं आहे ते जगाला माहीत आहे. गुलामांच्या व्यापाराचा आणि सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतीत, करारावर मजुरीला नेलेल्या आपल्या गिरमिटियांचा हिशोब वेगळाच. तरीही.

आमच्या घराजवळच्या चर्चमध्ये डिसेंबरात गरजू घरांसाठी खोकी भरतात. इथे बहुतेक कंपन्या नाताळाला कर्मचाऱ्यांना खाऊचं खोकं देतात, चीज, बिस्किटं, वाइन, आणि ज्यांना नको ते लोक इथे आणून टाकतात. मीही तसाच माझं खोकं टाकायला गेलो आणि अडकलो. एक ऐंशीच्या पुढची आजी तिथली मुकादम. प्रत्येक डबा उलटा करून तारीख बघते, संपलेली दिसली की बाजूला, "गरिबाला शिळं द्यायचं नाही" एवढंच बोलते. डुकराचं मांस असलेलं सगळं वेगळ्या टेबलावर, कारण यादीत मोरोक्कन आणि तुर्की घरं आहेत. सुरीनामी हिंदुस्थानी घरांच्या खोक्यात ती न विसरता पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पाकीट घालते, कारण त्यांचं वरण त्याचंच होतं हे तिला माहीत आहे. खोक्यात बायबल? नाही. मी मुद्दाम बघितलं, ग्रुपसाठी पुरावा हवा होता ना. नाताळाच्या प्रार्थनेच्या वेळा छापलेला एक कागद होता, तोही टेबलावर, हवा त्याने घ्यावा.

आता प्रामाणिकपणे, ग्रुपवरच्या मंडळींचा संशय अगदीच हवेतला नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवर, हाच आरोप झाला, केसरीने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, आणि त्यातली सगळी चूक एका बाजूची होती असं मी म्हणणार नाही. पण तीन-चार वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या त्या याच बाई. त्या मुलींना न्यायला दुसरं कोण गेलं होतं, हे ग्रुपवर कुणी विचारत नाही. आपल्याकडे दानत नाही असं थोडंच आहे, वारीत गावंच्या गावं दिंड्यांना जेवू घालतात. त्यांच्या हेतूची चौकशी कोण करतं? ती फक्त २५ डिसेंबरलाच का निघते? २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तर "पाद्री कसा चालेल" म्हणून ओरड, जो माणूस आयुष्यभर वसईची हिरवाई वाचवायला भांडला, मराठीत लिहीत आला. इथे परक्या देशात मला कुणी माझं मराठीपण सिद्ध करायला लावत नाही, तिथे वसईकराला लावतात.

आणि गंमत ऐका, आमच्या इथल्या मंडळाचा गणपती बसतो कुठे? त्याच खोकी भरणाऱ्या चर्चच्या हॉलमध्ये. भिंतीवर क्रॉस, खाली मखर, बाजूला मोदकांचे डबे. पहिल्या वर्षी तिथल्या केअरटेकरने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही ते पांढरं काहीतरी पेटवता ना, त्याची वेळ सांगून ठेवा, धुराचा अलार्म बंद करतो." आरतीला तो मागे उभा असतो, टाळ्याही वाजवतो, ताल चुकतो.

यंदा कमिटीत मी मांडलं की गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि तांदूळ या नाताळच्या खोक्यांना देऊ. लगेच एक जण म्हणाला, "आपला पैसा चर्चला कशाला?" म्हणजे ग्रुप आता इथेही पोचला. मीटिंग रविवारी आहे. मी मत मागायच्या आधी हॉलच्या भाड्याची पावती वाचून दाखवणार आहे, त्या पैशात या शहरात गाडी पार्क करायची मारामार.