मकरपुऱ्याच्या सर्व्हर रूमबद्दलच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी: नवा एसी मागितला होता, तो न देता आम्ही रॅकला (सर्व्हर बसवलेल्या कपाटाला) प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या, 18 अंशांची खोली 24 वर नेली, आता रॅकच्या मागे उभं राहवत नाही, आणि लाईट बिलही फारसं उतरलं नाही.

आधी मागच्या गरमीबद्दल. तिथे गरम व्हायलाच हवं. तुमच्या सर्व्हरचा लोड 9 किलोवॉट आहे, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पुढून 24 अंशांची हवा आत गेली आणि मागून 36 ची बाहेर पडली, तर साधारण 1,300 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवेत तेवढी उष्णता निघते. काम करण्याआधी एसीच्या सोडलेल्या आणि परतीच्या हवेत जेमतेम 6 अंशांचा फरक होता. गार हवा केबलच्या भोकांतून आणि रॅकच्या डोक्यावरून सर्व्हरला न शिवता एसीकडे परतत होती. उलट, रिकाम्या जागांतून मागची गरम हवा पुढे येत होती. म्हणून खोली 18 ला असूनही सगळ्यात वरच्या सर्व्हरचं इनलेट (पुढून आत जाणाऱ्या हवेचं तापमान) 31 दाखवत होतं. हे रीडिंग सर्व्हरच्या आयपीएमआयमधलंच (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या यंत्रणेतलंच) आहे, रिपोर्टमध्ये जोडलंय. ब्लँकिंग पॅनल (त्याच तुमच्या पट्ट्या) आणि भोकांना ब्रश लावल्यावर तिथे 25 येतंय.

9 किलोवॉट उष्णता म्हणजे एसीच्या मापात 2.6 टन. तुमचा एसी 4 टनांचा. दुसरा बसवला असता तर त्याचीही हवा त्याच चोरवाटेने परतली असती. विकायला आम्हालाही बरंच झालं असतं म्हणा.

24 अंश आम्ही मनाने ठरवलेले नाहीत. ॲशरे या एसी-वेंटिलेशन इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस इनलेटला 18 ते 27 अशी आहे. मग 27 का नाही? साधारण 25 च्या पुढे बऱ्याच सर्व्हरचे फॅन वेग वाढवू लागतात, आणि फॅनची वीज वेगाच्या घनाने वाढते: वेग 20 टक्के वाढला तर वीज 1.7 पट. एसीत वाचवलेलं तिथे जातं. एसीचा सेन्सरही याचसाठी परतीच्या हवेतून काढून रॅकच्या पुढे, वरच्या भागात बसवलाय. कृपया तो पुन्हा हलवू देऊ नका. मेंटेनन्सवाले 'मूळ जागी' लावून जातात आणि मग सेटिंगला काही अर्थ उरत नाही.

बिलाचं म्हणाल तर हवेच्या कामाने फक्त एसीची वीज कमी होते. सर्व्हर स्वतः 9 किलोवॉटने महिन्याला 6,480 युनिट खातात, त्याला पट्ट्या काय करणार? त्यासाठीची कामं रिपोर्टच्या दुसऱ्या भागात आहेत, ती तुमच्याकडून मंजूर व्हायची आहेत. तीन जुने सर्व्हर काही न करता प्रत्येकी 120 वॉट ओढतात. त्यांचं काम व्हर्च्युअल मशीनवर (दुसऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या सर्व्हरवर) नेऊन ते बंद केले तर महिन्याला सुमारे 260 युनिट थेट वाचतील, शिवाय त्यांच्यावरचा यूपीएस आणि एसीचा भार. बाकीच्यांच्या बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वरून 'बॅलन्स्ड' करायचं आहे. फक्त ईआरपीच्या (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डेटाबेसचा सर्व्हर तसाच ठेवा, तिथे प्रतिसाद मंदावण्याची शक्यता असते.

यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र अजून गरम बाजूला आहेत, तिथून लवकर काढा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. जागा तुम्ही दाखवा, हलवण्याचे पैसे घेणार नाही.