ट्रेडमार्कचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते ना? मग ब्रँड काढायला वेगळं काही शिकावं लागत नाही. चहाचं दुकान नंतर. पातेलं, गाळणं, आलं, सगळं नंतर. आधी नाव धरा.

नाव सरकारदरबारी आपलं म्हणून नोंदवायच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, अर्जात 'कधीपासून वापरता' असा प्रश्न असतो. घाबरू नका. 'वापरायचा विचार आहे' म्हटलं की भागतं. विचाराचा पुरावा कोण मागतंय? नाव कशासाठी हवंय त्याचे एकूण क्लास, म्हणजे वर्ग, ४५, त्यातले ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. चहापत्ती ३०मध्ये, चहाचं दुकान ४३मध्ये. कद्रू माणूस इथेच थांबतो. एकट्यादुकट्याला ऑनलाइन अर्जाची फी क्लासमागे ४,५०० रुपये. म्हणजे २,०२,५०० रुपयांत अख्खी गाडी तुमची! क्लास १३ बंदुका नि फटाक्यांचा आहे, तोही सोडू नका. उद्या तुमच्या चहाच्या नावाने कुणी सुतळी बॉम्ब काढला म्हणजे?

नाव शोधताना डोकं शिणवू नका. पुण्यात 'अमृततुल्य' म्हणजे चहाचं दुकान, हे शेंबडं पोरही सांगेल. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही, असं ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ म्हणतं. म्हणू दे. तोच शब्द हातभर अक्षरात घ्या, पुढे 'श्री', मागे 'ओरिजिनल', मधे फेटेवाल्या आजोबांचा फोटो (आजोबा कुणाचेही चालतील), आणि अख्खी पाटीच नोंदवा. देवाधर्माचं मात्र जपून. अगरबत्तीसाठी नुसतं 'रामायण' हे नाव एकट्याला द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला होता.

पाच वर्षं नाव वापरलंच नाही तर? कलम ४७ खाली ते काढून टाकता येतं. पण इथला कंडक्टर आपणहून रुमाल उचलत नाही. ज्याला बसायचंय त्यानेच अर्ज करायचा, मग उत्तर, मग पुरावे, मग तारखा. तोवर त्याचं गाव येतं.

दरम्यान तुम्ही नोटिसा पाठवा. कोपऱ्यावरचा तीस वर्षं त्याच नावाने चहा विकतोय? आधीपासून वापरणाऱ्याला कलम ३४ संरक्षण देतं खरं, पण दूध उतू जात असताना कलमं कोण वाचतो! वकिलाचं लेटरहेड पाहिलं की तो स्वतःच पाटी उतरवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिडी धरायला त्याचा मुलगा होता.

आता तुमची पाटी. 'पुण्यात नंबर १' लिहा आणि त्याच्या डोक्यावर 'खुलासा खाली पाहा'वाली बारीक चांदणी (*) काढा. २०२२ च्या जाहिरात-नियमांप्रमाणे दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. तेव्हा खाली शुद्ध मराठीत 'आमच्या मते' असं लिहून समोर सिलिंडर ठेवा. 'आमची कुठेही शाखा नाही' हे लागतंच. त्याखाली 'फ्रँचायझीसाठी संपर्क'. 'टीएम' हवं तिथे चिकटवा, त्याला नोंदणी लागत नाही. गोलातला 'आर' मात्र नोंदणीआधी लावलात तर गुन्हा होतो, एवढी एक अडचण आहे.

पाटी भरली की एखादं गिऱ्हाईक ती वरपासून खालपर्यंत वाचेल आणि विचारेल, "इथे चहा मिळतो का?" त्याला पलीकडच्या हातगाडीवर पाठवा. तिला पाटी नाही. परत येताना लोक तिला काय म्हणतात तेवढं विचारून यायला सांगा, तेही नोंदवून टाकू.