‘संवादात शब्दांना फक्त ७ टक्के किंमत’ हा फॉरवर्ड मुद्द्यागणिक खोडून काढतोय

आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज परत परत येतोय, सिन्नरच्या मित्राने पाठवला, मग ऑफिसच्या ग्रुपवर आला, मग एचआरवाल्यांनी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये दाखवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५, हे म्हणे शास्त्राने सिद्ध केलंय. म्हणून मेल लिहीत बसू नका, फोन उचला. लिहायचंच असेल तर इंग्रजीत आणि वजनदार शब्दांत लिहा, छाप पडते. आणि आता एआय आलंय, त्यामुळे लिहायला शिकायची गरजच संपली.

मी क्वालिटी आणि डिस्पॅच दोन्ही बघतो, दिवसातला बराच वेळ मेल, चलान (मालासोबत जाणारा कागद), रिजेक्शन नोट (माल नाकारल्याचं पत्र) यातच जातो, आणि हा मेसेज नव्या मुलांचं खरंच नुकसान करतोय म्हणून लिहितोय.

आधी तो ७ टक्क्यांचा आकडा. आकडा खरा आहे, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न कोणी सांगतच नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मध्ये दोन अभ्यास छापून आले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि विचारलं काय तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. बस. दोन्हीचे निकाल जोडून ७, ३८, ५५ झालं. म्हणजे शब्द एक आणि सूर दुसरंच सांगत असेल तर माणूस भावना कशावरून ओळखतो, एवढाच तो विषय. मेहराबियन यांनी स्वतः पुढे स्पष्ट केलंय की माणूस भावना किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल तर हे सूत्र तिथे लागूच होत नाही.

आता मला सांगा, २५ एच सेव्हनचा बोअर आहे, म्हणजे २५ मिमीचं भोक, टॉलरन्स (चालेल एवढा फरक) शून्य ते प्लस २१ मायक्रॉन, हे कोणत्या देहबोलीने सांगणार? पीओ म्हणजे परचेस ऑर्डरचा नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन, डिलिव्हरीची तारीख, रेट, जीएसटी, आपल्याकडचा सगळा व्यवहार याच गोष्टींवर चालतो आणि यातली एकही गोष्ट चेहऱ्यावर दिसत नाही.

दुसरा मुद्दा, मेल नको फोन करा. यावर मला जास्त बोलायचंय कारण यात लहान माणूस मरतो, मोठ्याचं काही जात नाही.

अंबडमधला एक ओळखीचा वर्कशॉपवाला, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, पाच-सहा माणसं, प्रामाणिक काम. त्याने एका मोठ्या कंपनीला ५०० बुश (आत भोक असलेल्या धातूच्या नळ्या) दिले. तिकडच्या क्वालिटीवाल्याचा फोन आला की काही नगांत गो गेज (भोक तपासायची पिन) जात नाहीये, बोअर टाइट आहे. हा म्हणाला साहेब मी उचलतो, होनिंग करून, म्हणजे बोअर आतून घासून देतो, तिकडून ठीक आहे, चालेल. बोलणं एकदम गोड झालं. पुढे त्या साहेबांची बदली झाली, पेमेंटच्या वेळी अख्ख्या लॉटची डेबिट नोट (पैसे कापल्याची नोंद) आली, आणि याच्याकडे दाखवायला कॉल लॉगशिवाय काही नाही. नव्या साहेबांचंही चूक म्हणता येत नाही, त्यांच्या फाइलमध्ये रीवर्कचा, म्हणजे नग दुरुस्त करून द्यायचा, एक शब्द नव्हता.

फोन ठेवल्यावर लगेच एवढं टाकलं असतं तर बास होतं: ‘सर, आता फोनवर ठरल्याप्रमाणे. तुमचा पीओ अमुक, आमचं चलान तमुक. ५०० पैकी ४० नगांत गो गेज जात नाही. हे ४० नग आम्ही उद्या उचलून होनिंग करून शुक्रवारपर्यंत परत देतो. बाकीचे ४६० तुम्ही स्वीकारले आहेत. यात काही वेगळं असेल तर आजच कळवा.’ यात एकही भारी शब्द नाही, इंग्रजीची भीती असेल तर मराठीत टाका, पण किती नग, काय दोष, कोण काय करणार, कधीपर्यंत, सगळं आलं. आणि शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची कारण ती समोरच्याला बोलायला लावते.

आणि हे फक्त शिस्तीपुरतं नाही, कायदाच लिखापढीवर उभा आहे. २००६ चा एमएसएमईडी कायदा बघा, जो सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या पेमेंटसाठी आहे. कलम १५ म्हणतं की पेमेंटची तारीख लेखी ठरलेली असेल तर त्या तारखेपर्यंत, पण माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नाहीच, आणि लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. माल स्वीकारला कधी धरायचा? डिलिव्हरीपासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीचाच दिवस स्वीकाराचा धरतात. लेखी हरकत, फोनवरची कुरकुर नाही. आणि उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. मग ज्याला कोणी सांगतंय की शब्दांना किंमत नाही, त्याच्या हातातलं एवढं मोठं हत्यार काढून घेताय तुम्ही. मेल हा पुरावा म्हणून चालतो का असंही विचारतात लोक, तर २००० च्या आयटी कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिलेलीच आहे.

फोन करूच नका असं मी म्हणत नाहीये. कोणाला कामावरून कमी करायचंय, कोणाची चूक सांगायचीय, पगाराचं बोलायचंय, तर समोर बसून बोला, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, तिथे आवाज आणि चेहरा लागतोच आणि मेहराबियन यांचं म्हणणंही तिथेच खरं ठरतं. प्रॉडक्शन लाइन बंद पडलीये तर आधी फोनच. पण फोन झाला की दोन ओळी टाका, रोज, न चुकता.

तिसरा मुद्दा इंग्रजी आणि वजनदार शब्दांचा. आपल्याकडे मेल सुरू होतो ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ ने आणि संपतो ‘काइंडली डू द नीडफुल’ ने, आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की नक्की करायचं काय. शंभर मेल येतात त्या माणसाला, तो पहिली ओळ वाचतो, तिथे काम लिहिलेलं नसेल तर तुमचा मेल तो उद्यावर टाकतो.

भारी शब्दांखाली मुद्दा गाडला की काय होतं याचं एक उदाहरण सगळ्या जगाला माहितीये. १ फेब्रुवारी २००३ ला नासाचं कोलंबिया यान परत येताना तुटलं, सातही अंतराळवीर गेले, आपली कल्पना चावलाही त्यात होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि इंजिनिअरांनी यान वर असतानाच त्याचं विश्लेषण करून स्लाइड बनवल्या होत्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक असं की वाचून वाटावं चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षिततेच्या बाजूचे आहेत. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला फोमचा तुकडा १९२० घन इंचांचा धरला होता. म्हणजे ६४० पट. चौकशी मंडळाने अहवालात लिहिलं की ही स्लाइड वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याला जिवाचा धोका कळला नाही तर नवल नाही. माहिती होती, लिहिलेलीही होती, फक्त जागा चुकली. आपल्या मेलमध्येही धोका, रक्कम, तारीख पहिल्या ओळीत पाहिजे, ‘आशा आहे आपण मजेत असाल’ नंतर नाही.

इंग्रजीचं तर एवढंच म्हणतो, वाचणारा कोण आहे ते बघा. एक्सपोर्टचा ग्राहक असेल तर इंग्रजीच, प्रश्नच नाही. पण मशीनवरच्या ऑपरेटरला इंग्रजी वर्क इन्स्ट्रक्शन लॅमिनेट करून लावायची आणि ऑडिटला दाखवायची, हे काय कामाचं? १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम १०८ होतं, कारखान्यातल्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना कळेल अशा भाषेत लावायच्या. त्या काळात हे ज्यांना सुचलं त्यांना कामगार दिसत होता. ‘कूलंट बंद असेल तर सायकल सुरू करू नका’ हे मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, मशीनच्या दारावर.

राहिलं एआय. वापरा, मीही वापरतो, व्याकरण नीट करतं, इंग्रजी गुळगुळीत करून देतं. पण ४० नग कुठल्या चलानातले, साहेब फोनवर नक्की काय म्हणाले, शुक्रवार आपल्याला जमणार आहे का, हे त्याला कुठून माहीत असणार, ते तुम्हीच सांगायचं असतं, आणि जो ते चार वाक्यांत नीट सांगू शकतो त्याचा मेल तर तिथेच लिहून झाला. उलट हल्ली असे मेल यायला लागलेत की तीन परिच्छेद सुंदर इंग्रजी आणि त्यात लॉट नंबरच नाही. मी असे मेल एकच प्रश्न विचारून परत पाठवतो: कुठलं चलान, किती नग, कधीपर्यंत?