डायनासोरला पिसं चिकटवताना

आपल्या पिढीचा डायनासोर सोपा होता. हिरवा, खवल्यांचा, उघडाबोडका. डरकाळी फोडली की विषय संपला. मग 1996 साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातला सायनोसॉरॉप्टेरिक्स जगापुढे आला. लांबी जेमतेम मीटरभर, निम्म्याहून जास्त नुसती शेपटी, आणि अंगावर लव! आता घरातलं पाच वर्षांचं पोर आपल्याकडे ज्या कीव आलेल्या नजरेने बघतं, तिचं मूळ तिथे आहे.

खेळण्यातले बरेचसे डायनासोर चीनमध्येच बनतात, पण पिसांच्या बाबतीत तेही आपल्याच पिढीचे. त्यामुळे पिसं चिकटवण्याचं खातं पालकांकडे येतं. सुरुवात युटायरॅनसपासून होते. टी-रेक्सचा हा नातलग 2012 साली जाहीर झाला. लांबी सुमारे 9 मीटर, वजन 1400 किलोच्या आसपास, पिसं 15 सेंटिमीटरहून लांब. पोर खिडकीतून कबुतराचं पीस आणतं. ते घेऊ नका. खेळणं 22 सेंटिमीटरचं असेल तर प्रमाण साधारण 1:40, म्हणजे पीस हवं 4 मिलिमीटरचं. कबुतराचं 8 सेंटिमीटरचं पीस या हिशेबाने सव्वातीन मीटरचं होतं. लोकरीचे बारीक तुकडे कापा. पांढरा गोंद नुसत्या प्लास्टिकवर धरत नाही, कारण पाणी शोषायला खाली काहीच नसतं. वाळला की सालपटासारखा पिसांसकट निघून येतो. आधी पॉलिश पेपरने घासा, टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळा, मग गोंद लावा आणि शेपटीकडून डोक्याकडे या. उलट गेलात तर पिसांच्या ओळी एकमेकींवर नीट बसत नाहीत. आजी विचारतात, "कोंबडीच ना ही?" शास्त्राच्या दृष्टीने आजींचं फारसं चुकत नाही.

रंगाचं भांडण निराळं. हिरवा खडू उचललात की दंगा होणार, आणि इथे पोराची बाजू भक्कम आहे. पिसांतले रंगकण अश्मात टिकलेले आहेत. गोल असतील तर तांबूस, लांबट असतील तर काळे. त्यावरून 2010 साली सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे ठरले. गेरू चालेल. चार पंखांचा मायक्रोरॅप्टर मात्र कावळ्यासारखा काळा आणि चकाकणारा. काळ्यावर थोडी चमकी भुरभुरा. ती पुढे वर्षभर आमटीतसुद्धा सापडेल. वटवाघळासारखे पडद्याचे पंख असलेल्याचं नाव यी छी. हे नाव जेवताना घेऊ नये. ताटातल्या भाजीबद्दल आहे असं वाटून स्वयंपाक करणारं माणूस दुखावतं.

लांब मानेच्या मामेंचीसॉरसची लांबी दाखवायला सुतळीचा गुंडा लागतो. होचुआनेन्सिस जातीची लांबी 22 मीटर, त्यात जवळपास निम्मी मान. दर मीटरला गाठ मारा आणि मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये पसरा. घरात मावत नाही. शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर येण्याची वेळ टाळावी. सायनोकॅनॅडोरम जातीची मान 2023 साली 15 मीटरच्या वर मोजली गेली, तीही हातात असलेल्या थोड्याशा हाडांवरून अंदाजाने. म्हणजे पाच मजले नुसती मान. हे सांगून मोकळं व्हा, गच्चीवरून सुतळी सोडू नका.

जीवाश्म बनवणं हा सगळ्यांत पसाऱ्याचा आणि माझ्या मते सगळ्यांत वसूल प्रकार. नमुना मेइ लाँगचा घ्या: 53 सेंटिमीटरचा, पाखरासारखं हाताखाली डोकं खुपसून झोपलेला. गणपतीतला उरलेला शाडू भिजवून 3 सेंटिमीटर जाडीची वडी थापा. रविवारच्या कोंबडीची हाडं उकळून, पुसून, तेलाचा हात लावून त्याच मुद्रेत दाबा आणि उचला. शाडू फार ओला असेल तर ठसा मिटतो, कोरडा असेल तर तडकतो. मग एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर भुरभुरवा, हलकेच ढवळा आणि ठशात ओता. पाणी प्लास्टरवर ओतलंत तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात, आणि जोरात ढवळलंत तर हाडांना बुडबुड्यांच्या देवी येतात. प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून पोराचा हात त्यात बुडवून ठसा घ्यायच्या भानगडीत पडू नका. उरलेलं बेसिनमध्ये मुळीच ओतू नका. ते पाण्याखालीही घट्ट होतं, आणि मग प्लंबर येऊन तुमच्या पाइपात जीवाश्म शोधतो.

एवढं झालं की चीनला जायचा हट्ट सुरू होतो. सिचुआनमधल्या झिगोंगचं डायनासोर संग्रहालय 1987 पासून उघडं आहे, उत्खननाच्या जागेवरच बांधलेलं, हाडं जमिनीत जशी सापडली तशी दाखवणारं. तिकिटाचे भाव बघून घाम फुटला तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं नाव काढा. तिथे डायनासोरची शी सापडते, दगड झालेली. चीन जागच्या जागी रद्द. फक्त तिच्यात गवताचे अंश सापडल्याचं 2005 साली जाहीर झालं, ही बातमी पोर पाहुण्यांची पंगत बसेपर्यंत राखून ठेवतं आणि पालकाची भाजी वाढली की मोठ्याने सांगतं.